चुलतभावाच्या जांभळीखाली

आमच्या घराचं तोंड उत्तरेला आहे. बांधताना ते सगळ्यांना चांगलंच वाटलं होतं, मलाही. घर उभं राहिल्यावर कळलं की पुढच्या अंगणावर घराची स्वतःचीच सावली पडते, आणि जी थोडी जागा त्यातून सुटते तिच्यावर दुपारनंतर पश्चिमेकडून चुलतभावाची जांभळी येते. झाड त्याच्या हद्दीत आहे, बांधापासून हातभर आत. वाटणीच्या वेळी जुन्या माणसांनी ठरवून दिलं होतं: खोड ज्याच्या हद्दीत त्याचं झाड, आणि फळ ज्याच्याकडे पडेल त्याचं फळ. सावलीबद्दल कोणी काही बोललं नाही. तेव्हा माझ्या बाजूला घर नव्हतं, कांदा होता, आणि कांद्याला सावली म्हणजे नुकसानच.

भोसरीच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो. काय आलं, काय गेलं, किती उरलं, एवढंच काम, पण ते मी चोख केलं. कंपनीने कारखाना दुसरीकडे हलवला तेव्हा मी मिळालं ते घेऊन बाहेर पडलो आणि पिंपळवंडीला माझ्या वाट्याच्या जमिनीत बांधलेल्या घरात राहायला आलो. बायको बरोबर आली, पण चिंचवडचा फ्लॅट विकायला तिने साफ नकार दिला. तो भाड्याने दिला, तोही अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपत आला की ती म्हणायची, "त्यांना इतक्यात काही सांगू नका. आपल्यालाच लागेल कदाचित."

तिचं म्हणणं साधं होतं. तिचं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वर. तिकडे दाराशी ओढा आहे, उन्हाळ्यातही दगडांना ओल असते. चिंचवडला निदान गॅलरीतून माणसं दिसायची. इथे सकाळी दार उघडलं की समोर सावलीतली काळी, उघडी माती, जांभळीचा पाला आणि पलीकडे रस्ता. "दार उघडून बसावंसं वाटलं पाहिजे हो," ती म्हणायची. "मी उघडते आणि परत लावते. दिवसभर हेच करते." ते खरं होतं. ती एका जागी बसत नसे. स्वयंपाकघरातून पुढे यायची, उंबऱ्यात उभी राहायची, आत जायची. ती बसत नाही म्हणून मीही बसत नसे. दोघं एवढ्याशा घरात एकमेकांना ओलांडत फिरायचो.

शेवटी आमचं ठरलं. दोन पावसाळे बघायचे. पुढचं अंगण राहण्यासारखं झालं तर राहायचं. नाही झालं तर त्यानंतर मे महिन्यात करार संपला की भाडेकरूला जागा सोडायला सांगायची आणि सामान बांधायचं.

पहिल्या पावसाळ्यात मी चुलतभावाचं ऐकलं. तो माझ्याहून लहान, टोमॅटो आणि कांदा करतो, आणि त्याच्या वाफ्यात एक रोप कधी वाकडं दिसत नाही.

"दादा, त्यात काय एवढं? चार गादीवाफे पाडू, मल्चिंग अंथरू, ड्रीप सोडू. रोप म्हंजे रोप. टोमॅटो काय न् गुलाब काय."

मला ते पटलं, कारण त्यात मापं होती. वाफ्याची रुंदी ठरलेली, दोन रोपांमधलं अंतर ठरलेलं. नर्सरीतून गुलाब, मोगरा, शेवंती, जास्वंद आणली. सावली आहे, असं मी नर्सरीवाल्याला दोनदा सांगितलं. "लागतं हो साहेब, सगळं लागतं," असं म्हणून त्याने रोपं टेम्पोत चढवलीसुद्धा. आमच्या दारासमोर चंदेरी प्लास्टिकचे चार पट्टे अंथरले गेले आणि त्यांच्या भोकांतून गुलाब डोकं काढून उभे राहिले. ओझरला दर्शनाला निघालेले ओळखीचे पावणे पाण्यासाठी थांबले. त्यातल्या एकाने बराच वेळ वाफ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "काय लावलंय? टोमॅटो का ढोबळी?"

"अजून ठरायचंय म्हणावं," बायको आतून म्हणाली.

ड्रीपची नळी चुलतभावाच्या शेतातल्या लाइनीवरच जोडली होती. लाइट आली की त्याच्या टोमॅटोला पाणी सुटायचं, आणि टोमॅटोएवढंच आमच्या गुलाबालाही. टोमॅटोवर दिवसभर ऊन होतं. आमच्या प्लास्टिकखाली पाणी जायचं ते तिथेच राहायचं. गणपतीपर्यंत गुलाब पिवळे पडले, शेवंती मुळातून कुजली. मोगऱ्याला पानं आली, कळी एकही नाही. प्लास्टिक उचललं तेव्हा खालून डबक्यासारखा वास आला. बायको पुढे आली. तिने पट्टे धुतले, घड्या घातल्या आणि मागच्या शेडमध्ये ठेवून दिले. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी ठरवलं की आधी माल मोजायचा, मग मांडणी. आपल्याकडे ऊन किती, हेच मला माहीत नव्हतं. मी फक्की आणली आणि सावलीची कड जिथे असेल तिथे अंगणात पांढरी रेघ मारायला लागलो. सकाळी एक, थोड्या वेळाने दुसरी, दुपारी पुन्हा. महिन्याभराने परत, कारण सूर्य सरकतो. चुलतभाऊ बांधावरून बघत होता.

"दादा, पीच आखताय का? टुर्नामेंट ठेवलीय व्हय?"

"तू अंपायर हो," मी म्हणालो.

"आमी कशाला? आमचं झाडच थर्ड अंपायर हाय. सगळं वरनं बघतंय."

रेघांवरून एवढं समजलं: पायरीजवळ जवळपास वर्षभर सावली. फाटकाकडच्या पट्ट्यात सकाळचं कोवळं ऊन, दुपारी मात्र तिथेही जांभळी. म्हणजे फुलांच्या नर्सरीत जे काही रांगेत मांडलेलं असतं त्यातलं निम्म्याहून अधिक आमच्यासाठी नव्हतंच. मग मी नर्सरीऐवजी गावातून फिरलो. लोकांच्या भिंतींच्या उत्तरेला काय तग धरून आहे, विहिरीच्या काठी, शाळेच्या मागे, समाजमंदिराच्या बोळात काय उभं आहे, ते बघत गेलो. अडुळसा सगळीकडे होता आणि शेळी त्याला तोंड लावत नव्हती. तगर होती, वर्षभर हिरवी. कोरांटी आणि अबोली भिंतीलगत अर्ध्या उन्हातही फुलत होत्या. कोणी मुद्दाम काळजी घेतलेली दिसत नव्हती. मला तेच हवं होतं.

बायकोला दाट हवं होतं. "एकदम भरलेलं," ती हाताने दाखवत म्हणाली. "माती दिसता कामा नये." चुलतभावाची बायको, म्हणजे हिची जाऊ, तेव्हा ताक द्यायला आली होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"ताई, लई दाट नका करू बरं. ऊसतोड झाली की बिबट्याला कुठंबी बसायला चालतंय. आमचं कुत्रं गोठ्याच्या मागनंच नेलं. दाराम्होरं झुडूप आन् त्यात कोण बसलंय ते दिसंना, आसं नको."

हिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू बिबट्याही मीच गावात आणला होता.

मग मी अशी मांडणी केली. पाठीमागे, बांधाच्या कडेला, तगर आणि अडुळसा, पण गुडघ्यापर्यंत फांदी ठेवायची नाही. वर हिरवं, खाली खोडं उघडी. उंबऱ्यात उभं राहिलं की खोडांमधून बांध दिसला पाहिजे. मधे कामिनीची दोन झाडं, लांब लांब. पुढे घोट्याएवढी अबोली आणि कोरांटी. आणि माती दिसू नये म्हणून सगळ्यात खाली नेचे. नेचे नर्सरीत कुंड्यांमध्ये होते, पण हिने मान हलवली. आम्ही तिच्या माहेरी गेलो, ओढ्याच्या कडेचे नेचे आणि सोनटक्क्याचे गड्डे उकरले, ओल्या पोत्यात बांधले. मेव्हणा बांधावर बसून हसत होता.

"आम्ही हे उपटून फेकून देतो दाजी. आणि तुम्ही गाडीला पेट्रोल घालून न्यायला आलाय!"

"तुमच्या बहिणीला फेकलेलंच आवडतं," मी म्हणालो.

"तुम्हाला पदरात घेतलंय म्हणजे आवडतच असणार."

परतीच्या वाटेवर ही मागे बसून पोतं मांडीवर धरून होती. घोडेगाव सोडेपर्यंत तिच्या साडीवर मातीचं पाणी उतरलं होतं. तिने ते झटकलं नाही.

दुसरा पावसाळा सुरू झाल्यावर नेचे आणि सोनटक्का फाटकापाशी लावले, कारण नळाचं सांडलेलं पाणी तिकडे जातं. या वेळी ड्रीप नाही, प्लास्टिक नाही. खाली जांभळीचाच पाला पसरला. ज्या पाल्याबद्दल मी इतकी कुरकुर केली होती तोच आता पाट्या भरभरून ही गोळा करायची, आणि कमी पडला तर बांधापलीकडूनही आणायची. दिवाळीपर्यंत सगळं धरलं. थंडीत तगरीला पांढरी फुलं यायला लागली. नेच्यांनी नवी पानं उलगडली. एक दिवस मी बाहेरून आलो तर दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून ही लसूण सोलत होती. मी चपला काढून बाजूने आत गेलो. बोललो असतो तर ती उठली असती.

चुलतभाऊ आला तो फेब्रुवारीत. हातात मोबाइल, त्यात छताचा फोटो.

"दादा, सोलर बसवतोय घरावर. माणूस बघून गेला. म्हनला, सकाळचं ऊन सगळं जांभळी खाती. झाड काढायला लागंल."

"सगळं?"

"खोडापासनं. एकदाच काढलं की झंझट नको." मग तो हसला. "तुमी तर पेढे वाटाल! दर जूनला तुमचंच सुरू असतंय की, फरशी जांभळी झाली, पाय चिकटत्यात, पाला झाडून कंबर मोडली. घ्या, सुटलात."

त्याचं चुकत नव्हतं. आल्यापासून मीच त्याला फांद्या छाटायला सांगत होतो. आता मी नुसता मान हलवत उभा राहिलो. तो गेल्यावर ही दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"आपल्याकडे ऊन कधीपासून कधीपर्यंत येईल मग?" तिने विचारलं.

"जेवणवेळेपासून संध्याकाळपर्यंत. एप्रिलचं."

"आणि नेचे?"

मी फाटकाकडे बघितलं. तिने दार लावलं.

मला दोन दिवस काही सुचलं नाही. मी अंगणात जायचो, जुन्या रेघा कुठे होत्या ते आठवून नवं ऊन कुठवर येईल ते बघायचो, आत यायचो, पुन्हा जायचो. कुंड्या इकडच्या तिकडे करून बघितल्या. सगळंच्या सगळं घराच्या भिंतीलगत आणलं तर काय, हे दोरी लावून मोजलं. भिंतीलगत जागा होती त्याच्या तिप्पट झाडं होती. ही पुन्हा स्वयंपाकघर ते उंबरा फिरायला लागली होती. भाडेकरूचा फोन येऊन गेला, मेमध्ये काय करायचं ते विचारत होता. तिने माझ्याकडे बघत त्याला सांगितलं, "कळवतो."

मी ऐकलं होतं की जांभळीसारखं झाड मुळापासून तोडायला परवानगी लागते. तसं मी हिला म्हणालो.

"म्हणजे तुम्ही कागद घेऊन त्याच्या दारात जाणार?"

"नियम आहे तो."

"मग झाड राहील, आणि त्या घराशी बोलणं तुटेल. मग मी ताक कोणाच्या घरचं प्यायचं?" तिने पदर खोचला. "तुम्ही बसा. मी जाते."

आल्यापासून ती त्या घरी बोलावल्याशिवाय गेली नव्हती. मी अडुळशाच्या मागे वाकून उभा राहिलो. खोडं उघडी ठेवली होती, म्हणून पलीकडचं दिसत होतं. जाऊ अंगणात कांद्याचं बी वाळत घालत होती.

"झाड तोडायचं नाही," ही म्हणाली. बस म्हटलं, तरी बसली नाही.

"का बरं?"

"सावली जाते माझी."

"तुमची?" जाऊ हसली. "झाड आमचं, न् सावली तुमची व्हय? इतकी वर्सं फुकट दिली, तवा न्हाई म्हनला."

"फुकट कशी? पाला कोण झाडतं तुझ्या झाडाचा? पाट्यांनी मी उचलते. त्याची मजुरी धर."

"आता सुट्टीच झाली की मग त्या मजुरीची!"

"मला नकोय सुट्टी."

"ताई, आल्या दिवसापासनं तुमचं चाललंय, मी जानार, मी जानार. आवो, जायचंय तर सावली कशाला पायजे? पिशवीत भरून न्यायचीय का चिंचवडला?"

हिने मान वळवून आमच्या घराकडे बघितलं. मला वाटलं आता ही परत फिरेल. मी फाटकाकडे एक पाऊल टाकलंसुद्धा.

"जाईन तेव्हा जाईन," ती म्हणाली. "पण इकडची ती मोठी फांदी आहे ना, खालची, तिला हात लावायचा नाही. सांगून ठेवते. शेंड्याचं काय करायचं ते करा तुम्ही."

"आन् न्हाई ऐकलं मग?"

"मग रोज इथे तुझ्या छपरीत येऊन बसेन. सकाळी येईन ती संध्याकाळी जाईन. भाकरी तू घालायची."

जाऊ इतकी हसली की तिच्या हातातलं बी सांडलं. "बसा की मग आत्तापासनंच. चाय ठेवते."

ही बसली. मी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाने मला त्याच्या छतावर बोलावलं. "दादा, तुमची ती फक्की घेऊन या. घरात भांडण लावलंय वहिनींनी." आम्ही दोघांनी मिळून छतावर जांभळीची सावली आखली. हे काम मला येत होतं. सकाळी सावली लांब होती, छताच्या पार मध्यापर्यंत, पण ती शेंड्याची होती. खालच्या फांद्या छताच्या कठड्यापलीकडे येतच नव्हत्या. आणि टाकी पूर्वेला सरकवली तर पश्चिमेची जागा मोकळी होत होती. हे मी त्याला दाखवलं. तो कठड्यावरून वाकून खालच्या फांद्या बघायला लागला.

"म्हंजे नुसता शेंडा काढला तरी भागतंय?"

"पहिला तास-दीड तास कमी मिळेल तुला. बाकी भागतंय."

"तुमाला खोटं बोलता येत न्हाई, म्हनून इश्वास ठेवतो," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "वरनं लई भारी दिसतंय राव तुमचं."

मी वरून आमचं अंगण कधी बघितलं नव्हतं. तगरीच्या दोन रांगा समांतर नव्हत्या. मला ते खटकलं, पण खाली ही पाइप धरून उभी होती आणि वर बघत होती, म्हणून मी ते तेव्हा बोललो नाही.

शेंडा मार्चमध्ये उतरवला. झाडावर चढलेल्या माणसाला खालून सूचना देणाऱ्या दोघी जावा होत्या, एक इकडून, एक तिकडून, आणि दोघींच्या सूचना उलट्या. "भाऊ, ती नाही, ती ठेवा!" ही ओरडत होती. त्यातच भाडेकरूचा फोन आला. "आत्ता नको हो, झाडावर माणूस आहे," म्हणून तिने तो बंद केला आणि माझ्या हातात दिला.

मोठी फांदी राहिली. पायरीजवळ काही फरक पडला नाही, तगर आणि कामिनी उलट जोमाने वाढायला लागल्या. पण बुटक्या झालेल्या झाडाची सावली फाटकापर्यंत पोचत नव्हती. तिथे आता दुपारचं ऊन येऊन बसायचं, आणि नेमके तिथेच नेचे होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या कडा करपल्या. सोनटक्क्याची पानं सुतळीसारखी वळली. मी पुन्हा फक्की काढली. नेचे पायरीशी न्यायचे तर तिथली अबोली फाटकाकडे जायला हवी, आणि ते पाऊस पडेपर्यंत करता येत नाही, कारण या दिवसांत मूळ हलवलं की मेलं. तोपर्यंत ते जगवायचे कसे, याचा विचार करत मी रेघा मारत होतो.

करार संपायला आला होता. भाडेकरूला उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि माझ्याच्याने काही अर्धवट ठेववत नाही. दुपारी मी आत गेलो. ही मागच्या शेडमध्ये काहीतरी शोधत होती.

"त्याला काय सांगू?" मी विचारलं. "मेमध्ये सोडायला सांगू, का पुढचे अकरा महिने?"

तिने जुन्या मल्चिंगच्या घड्या बाजूला फेकल्या आणि त्यांच्या खालून बारदानाची दोन पोती ओढून काढली. धूळ उडाली.

"ते नंतर विचारा," ती म्हणाली. "आधी ही भिजवून नेच्यांवर धरा. ऊन फाटकाशी आलं असेल."